दुसरी खेप

ओसाड माळरान, क्षितिजावर एक उंट, उंटाच्या पाठीवर दोन पेट्या आणि धुरळा उडवत धावत सुटलेली मुलं. फिरत्या ग्रंथालयावरचं मुलांचं चित्रपुस्तक उघडलं की पहिल्या चारदोन पानांत बहुधा हे दृश्य भेटतं. उंटाच्या जागी कधी गाढव असतं, कधी घोडा, कधी होडी. शेवटच्या पानावर पेट्या उघडलेल्या असतात, मुलं पुस्तकांत डोकं खुपसून बसलेली असतात आणि प्राणी समाधानानं मावळतीकडे निघालेला असतो. या पुस्तकांवरून पालक, शिक्षक आणि बालसाहित्याचे समीक्षक यांच्यात एक वाद नेमानं होतो. एक पक्ष म्हणतो, किती सुंदर! आपल्या मुलांना कळू दे की पुस्तकासाठी जगात कोण किती वाट बघतं. दुसरा पक्ष म्हणतो, हा गरिबीचा देखणा देखावा आहे. खेड्यातलं मूल इथे फक्त हात पुढे करण्यापुरतं आणि बाहेरून आलेला माणूस तारणहार. तिसरा पक्ष अलीकडचा. तो म्हणतो, खिशातल्या फोनमध्ये हजारो पुस्तकं मावत असताना उंट कशाला नाचवताय?

तिघेही उंटाकडेच बघतायत. एकाला तो गोजिरवाणा वाटतो, दुसऱ्याला अपमानकारक आणि तिसऱ्याला कालबाह्य. माझा आक्षेप वेगळा आहे. ही पुस्तकं भाबडी आहेत म्हणून बिघडत नाही. ती एकाच खेपेत संपतात म्हणून बिघडतं. पहिल्या खेपेला गावात जे येतं ती भेट. दिलेली पुस्तकं परत घ्यायला, फाटलेली चिकटवायला आणि 'हे नको, ते हवं' ऐकून घ्यायला कुणीतरी पुन्हा येतं, त्या दिवशी ग्रंथालय सुरू होतं. आणि तो दिवस या चित्रपुस्तकांत क्वचितच उजाडतो.

टीकाकारांची बाजू आधी मान्य करून टाकतो, कारण तिच्यात दम आहे. या पुस्तकांत गाव नेहमी रिकामं असतं. पुस्तकं येण्याआधी तिथे गोष्टी नसतात, गाणी नसतात, रात्री अंगणात रामायण रंगवणारी आजी नसते, भाषेवर हुकमत असलेला एकही माणूस नसतो. जणू छापील अक्षर पोहोचेपर्यंत त्या मुलांच्या डोक्यात काही नव्हतंच. हे खोटं आहे आणि आळशीपणाचंही आहे. शिवाय चित्रांत एक लबाडी असते, ती माझ्या फार उशिरा लक्षात आली. पेटीतून बाहेर निघालेल्या पुस्तकांची मुखपृष्ठं कोरी असतात. लाल आयत, पिवळा आयत, निळा आयत. मुलगी एक आयत छातीशी धरून हसते. ती काय वाचतेय? गोष्ट की गणित? तिच्या भाषेतलं की परक्या? चित्रकाराला ते सांगावंसं वाटलं नाही आणि लेखकालाही नाही, कारण त्या दोघांच्या दृष्टीनं पुस्तक मिळालं हेच पुष्कळ झालं. कुणाच्या ताटात काय वाढलंय हे न दाखवता नुसता जेवणाऱ्याचा तृप्त चेहरा काढावा, तसं हे.

पण टीकाकार इथून जिथे जातात, तिथे मी त्यांच्यासोबत जाणार नाही. ते म्हणतात, असली पुस्तकंच नकोत. किंवा काढायचीच तर प्राणी काढून टाका, अभाव काढून टाका. का? केनियाच्या राष्ट्रीय ग्रंथालय सेवेनं १९९६ मध्ये गारिसा भागात उंटांवरून पुस्तकं न्यायला सुरुवात केली, ती काही छायाचित्रं चांगली येतील म्हणून नव्हे. रेतीच्या वाटांवर गाडी रुतते आणि तिथले वाचक गुरं घेऊन फिरणारे, एका जागी न राहणारे. एका उंटावर पुस्तकांच्या पेट्या, दुसऱ्यावर तंबू; तंबू ठोकला की त्याच्या सावलीत वाचनालय. यात नवलाचं एवढंच की आपल्याला त्यात नवल वाटतं. तो सरकारी ग्रंथालयाचा नोकरदार उंट आहे. त्याला तारणहार आपण केलं.

टपालाचं उदाहरण घ्या. शेतावर राहणाऱ्या माणसाला पत्र घरपोच मिळावं ही कल्पना अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुढे आली, तेव्हा ती खर्चिक आणि अव्यवहार्य आहे असं बजावणारे पुष्कळ होते. शेतकऱ्यानं तालुक्याला यावं आणि पत्र घेऊन जावं, शतकभर तेच चाललं होतं ना? १८९६ मध्ये ग्रामीण घरपोच टपाल सुरू झालं आणि काही वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं की त्यात कुणाला करुणा दिसेना. पोस्टमन आला म्हणून आपण गहिवरत नाही. तो दोन दिवस आला नाही तर चिडतो. ती चिडच सांगते की सेवा रुजली. हक्काच्या गोष्टीवर माणूस रागावतो, दानाबद्दल मात्र आभार मानतो. फिरत्या ग्रंथालयावरच्या पुस्तकात सगळेच आभार मानतात. एकही पात्र 'गेल्या महिन्यात का नाही आलात?' असं विचारत नाही. अख्ख्या प्रकारातली उणीव दाखवायला मला हा एक न विचारलेला प्रश्न पुरेसा वाटतो.

खऱ्या इतिहासात हा प्रश्न विचारणारे भरपूर भेटतात आणि म्हणूनच तो इतिहास या चित्रपुस्तकांपेक्षा कितीतरी गमतीदार आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या हेगर्सटाउनच्या ग्रंथपाल मेरी टिटकोम्ब यांनी १९०५ मध्ये घोडागाडीतून पुस्तकं शेतावर न्यायला सुरुवात केली. त्याआधी त्यांनी दुकानांत आणि टपाल कार्यालयांत पुस्तकांच्या पेट्या ठेवून पाहिल्या होत्या. पण पेटीपर्यंत येणारा माणूस मुळात रस्त्यावरचा. आडरानातला शेतकरी येतच नव्हता. म्हणून गाडी. पहिल्या गाडीचा रंग काळा होता. ती एका शेताजवळ पोहोचली तेव्हा तिथून आरोळी आली की इथे थांबू नका, मढं न्यायच्या गाडीचं आमच्याकडे काम नाही! मग गाडीची चाकं आणि दारं लाल झाली. ग्रंथालयशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांत 'वाचक सहभाग' वगैरे शब्द येतात, त्याचा अर्थ मला या लाल रंगात दिसतो. गावानं बोट दाखवलं आणि ग्रंथालय बदललं.

किंवा अमेरिकेतल्याच केंटकी राज्याच्या डोंगराळ भागातल्या घोडेस्वार ग्रंथपाल. महामंदीच्या काळात, १९३५ पासून, सरकारी रोजगार योजनेतून महिन्याला सुमारे २८ डॉलर पगारावर या बायका घोड्यावर किंवा खेचरावर बसून ओढ्यांतून, दऱ्यांतून पुस्तकं पोहोचवत. जनावर स्वतःचं किंवा भाड्याचं. योजनेचा पैसा पगारापुरता. पुस्तकं लोकांनी दिलेली, बहुतेक जुनी आणि खिळखिळी. इथवरची गोष्ट चित्रपुस्तकात शोभून दिसते. पुढची क्वचित दिसते. पुस्तकं पुरेनात, तेव्हा या बायकांनी जुन्या मासिकांची कात्रणं, पाककृती आणि गोधड्यांचे नमुने चिकटवून वह्या केल्या आणि त्या घरोघरी फिरवल्या. एका खोऱ्यातल्या बाईची गोधडी दुसऱ्या खोऱ्यातल्या बाईपर्यंत कागदावरून पोहोचली. म्हणजे पेटी भरून गेली ती रिकामी परतली नाही. गावाकडचं काहीतरी घेऊन परतली आणि पुढच्या गावाला त्याचंच वाचन झालं. गाव फक्त घेणारं असतं, हा आक्षेप या वह्यांपुढे टिकत नाही. टिकतो तो एवढाच की पुस्तक लिहिणाऱ्यानं वह्या गाळल्या.

आता फोनवाला पक्ष. त्याचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. दुर्गम भागातल्या मोठ्या मुलाला, विद्यार्थ्याला, एखादा संदर्भ हवा असलेल्या माणसाला फोननं जे दिलं ते हजार उंटांना जमलं नसतं. पण आपण बोलतोय लहान मुलांच्या वाचनाबद्दल, आणि तिथे 'हजारो पुस्तकं उपलब्ध' या वाक्यात एक मेख आहे. उपलब्ध असणं आणि हाती लागणं यात जे अंतर असतं ते माणूस कापतो. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं दुसरं सगळ्यांना पटतं: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरं जरा उलटं आहे: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. फोन दुसऱ्या सूत्रापुरतं बरं काम करतो, नेमकं काय हवं ते आधीच ठाऊक असेल तर. तिसऱ्या सूत्रासाठी पुस्तकाच्या बाजूनं कुणीतरी निघावं लागतं. या मुलीला बेडकांचं वेड आहे, मागच्या खेपेला तिनं ते पान दहादा उलटलं, म्हणून या वेळी तळ्यावरचं पुस्तक वर ठेवू, हे कुणाच्या तरी ध्यानात राहावं लागतं. हेच काम आता यंत्रही करतं असं कुणी म्हणेल. करतं, पण तुम्ही अजून काही तरी बघत राहावं म्हणून. पेटीवाल्याला तुम्ही पुस्तक मिटून परत करायला हवे असता. दोघांच्या हेतूंत जमीनअस्मानाचं अंतर आहे.

खरी लढत चौथ्या पक्षाशी आहे आणि तो या वादात फारसा बोलतच नाही. तो म्हणतो, फिरतं ग्रंथालय ही स्थिर ग्रंथालय न बांधण्याची पळवाट आहे. शहराला इमारत आणि खेड्याला उंट, हा कुठला न्याय? हा सगळ्यात वजनदार आक्षेप, आणि इतिहास त्याच्या बाजूनं साक्ष देतो. केंटकीतली सेवा १९४३ मध्ये योजनेसोबतच बंद झाली. त्यासाठी एकही दार बंद करावं लागलं नाही, घोडे नुसते निघाले नाहीत. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९६३ पासून 'एपोस' नावाची ग्रंथनौका फिरत होती. पोटात सुमारे ६,००० पुस्तकं आणि वर्षातून दोन खेपा. शरदात घेतलेलं पुस्तक वसंतात परत. २०२० मध्ये निधी थांबला आणि नौकाही थांबली. जगातल्या श्रीमंत देशांपैकी एकात हे झालं, हे विशेष. इमारत बंद करायची तर कुलूप दिसतं, लोक जमतात, घोषणा होतात. चाकांवरची वस्तू बंद करायची तर ती फक्त येत नाही. न येण्याचं छायाचित्र काढता येत नाही. उंटाच्या प्रेमात पडलेल्यांनी हे दुखणं गंभीरपणे घ्यायला हवं.

तरीही या पक्षाचा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि त्याचं कारण एका स्कॉटिश माणसात सापडतं. सॅम्युएल ब्राउन यांनी १८१७ मध्ये हॅडिंग्टन परिसरात फिरत्या पेट्या सुरू केल्या. एका पेटीत ५० पुस्तकं. ती एका गावात दोन वर्षं राहणार, मग पुढच्या गावाला. ब्राउन यांचं निरीक्षण साधं होतं: लहान गावातलं लहान ग्रंथालय पहिली काही वर्षं चालतं, मग सगळ्यांचं सगळं वाचून होतं आणि कपाटावर धूळ बसते. हिशेब करून पाहा. चार गावांनी स्वतःची ५० पुस्तकं धरून ठेवली तर प्रत्येक गावाला आयुष्यभर ५० च. पेट्या फिरवल्या तर तेवढ्याच पैशांत आठ वर्षांत प्रत्येकाला २००. म्हणजे फिरणं हे लांबच्या गावासाठी केलेली तडजोड नव्हतं. पुस्तकं शिळी होऊ नयेत म्हणून केलेली ती युक्ती होती. इमारत बांधा, जरूर बांधा. पण जिथे लोकसंख्या विरळ आहे तिथे इमारतीच्या आतली पुस्तकं फिरली नाहीत तर तुम्ही गोदाम बांधलंत. गुराख्यांच्या वस्तीला तर इमारत दिली तरी वस्तीच पुढे सरकणार. भटक्याला स्थिर ग्रंथालय देणं हा न्याय कसा?

म्हणून 'फिरतं की स्थिर' ही मांडणीच चुकीची आहे. टिकलं ते कोणतं फिरतं ग्रंथालय? ज्याच्या मागे एक न फिरणारं ग्रंथालय उभं होतं ते. हेगर्सटाउनची घोडागाडी १९१० मध्ये रेल्वेच्या धडकेत चक्काचूर झाली. ती एखाद्या दानशूराची हौस असती तर कथा तिथेच संपली असती. पण मागे अख्ख्या परगण्याचं ग्रंथालय होतं. १९१२ मध्ये मोटार आली आणि फेऱ्या सुरू झाल्या. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि लगेच त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला: शाळा सुटल्यावर वाचायला काही नसेल तर गिरवलेली अक्षरं पुसून जाणार, मग सक्तीचा उपयोग काय? १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावलं, ग्रंथालयांचं स्वतंत्र खातं उभं केलं. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालयं आणि त्यांच्यामधून फिरणाऱ्या पेट्या, अशी ती घडी होती. पेटी एका शरीराचा हात होती. तंजावर भागातल्या मन्नारगुडीत १९३१ मध्ये बैलगाडीतलं ग्रंथालय निघालं, त्याचं उद्घाटन रंगनाथन यांनी केलं. सूत्रं मांडणारा माणूस त्याच वर्षी बैलगाडीपाशी उभा होता, हे मला फार आवडतं. सूत्रातला 'प्रत्येक' हा शब्द कागदावर राहिला तर त्याला चाकं नसतात.

आणि कोलंबियातले शिक्षक लुईस सोरियानो, ज्यांच्या गाढवांमुळे या विषयावरची निम्मी चित्रपुस्तकं जन्मली असावीत. त्यांच्या दोन गाढवांची नावं अल्फा आणि बेतो. जोडून म्हणा, स्पॅनिशमध्ये 'मुळाक्षरं' होतात. सुरुवातीला त्यांच्याकडे जेमतेम ७० पुस्तकं होती. पुढे रेडिओवरून त्यांचं पत्र वाचलं गेलं आणि पुस्तकांचा ओघ सुरू झाला. इथवर जगाला माहीत आहे. याच सोरियानोंनी घराजवळ एक स्थिर ग्रंथालयही उभं करायला घेतलं आणि २०१२ मध्ये गाढवावरून पडल्यानंतर त्यांना एक पाय गमवावा लागला, हे कितींना माहीत आहे? गाढवावरची पाठमोरी आकृती काढणं सोपं. एका माणसाच्या गुडघ्यांवर जेव्हा अख्ख्या परिसराचं वाचन उभं असतं, तेव्हा गुडघा गेला की काय होतं, हे विचारणं अवघड. सोरियानोंबद्दल आदर वाटतो म्हणूनच मला वाटतं की त्यांच्या एकट्यावर हे पडायला नको होतं. गौरवगीत गाऊन आपण ते ओझं त्यांच्याच पाठीवर पक्कं करतो.

'अहो, पण हे सगळं सहा वर्षांच्या मुलासाठीच्या बत्तीस पानांत कसं बसवायचं?' हा प्रश्न मी ऐकलाय, आणि विचारणाऱ्याचा सूर असा असतो की निधी, खातं, फिरत्या पेट्यांचा हिशेब ही मोठ्यांची कटकट, मुलांना उंटच पुरे. उलट आहे. सहा वर्षांच्या मुलाला परत करणं पक्कं कळतं. खेळणं परत द्यायचं असतं तेव्हाचं त्याचं तोंड आठवा. आवडीचं पुस्तक परत देताना पोटात काय होतं, दुसरा कुणी ते घेऊन जाताना बघणं म्हणजे काय, एक पान चुकून फाटलं आणि आता पेटीवाला काय म्हणेल या धास्तीत काढलेले आठ दिवस, यादीत आपला नंबर तिसरा असणं: हे सगळं नाट्य मुलाच्या उंचीचं आहे. पहिल्या खेपेत यातलं काही नसतं. तिथे नुसता आनंद असतो, आणि नुसत्या आनंदावर गोष्ट चालत नाही, हे तर लेखकांना कुणी सांगायला नको.

भाषेचंही तसंच. गारिसातल्या मुलाच्या घरी सोमाली बोलतात आणि शाळेत इंग्रजी-स्वाहिली शिकवतात. पेटी उघडल्यावर त्याला कुठल्या भाषेतलं पुस्तक दिसतं, याच्याइतका रोमांचक प्रसंग दुसरा कुठला? घरची भाषा छापलेली पहिल्यांदा दिसणं, किंवा न दिसणं. पण तो प्रसंग काढायचा तर मुखपृष्ठावर अक्षरं काढावी लागतात.

मला अशा पुस्तकात एक पान हवंय. उंट दुसऱ्यांदा आलाय, उन्हानं वैतागलाय. मुलांची झुंबड नाही. तीनच जण आलेत, बाकीचे गुरांमागे गेलेत. एक मुलगी पुस्तक पुढे करते आणि म्हणते, 'हे काही खास नव्हतं. शेवट आधीच कळला.' ग्रंथपाल वही उघडतो, तिच्या नावापुढे खूण करतो आणि पेटीत हात घालून शोधायला लागतो. चित्रकाराला इथे एक अडचण येणार. मुलगी परत करतेय त्या पुस्तकाचं मुखपृष्ठ या पानावर कोरं ठेवून चालणार नाही. तिला काय आवडलं नाही, ते आपल्याला वाचता यायला हवं.